पांझरेच्या काठावरचे दोन त्रिकोण

पांझरा नदीची रुंदी मोजली म्हणून आमच्या भूमितीच्या मास्तरांना पोलिसांनी चौकीवर नेलं, आणि ती खबर मी दिली असं अख्ख्या वर्गाने ठरवून टाकलं. बेचाळीस सालची दिवाळी नुकतीच उलटली होती.

माझे वडील धुळ्याला पोलिसात जमादार होते. आम्ही भावंडं त्यांना भाऊ म्हणायचो. आमचं मूळ गाव पिंपळनेरच्या बाजूचं, त्यामुळे घरात अहिराणी आणि घराबाहेर मराठी अशी आमची रीत; मी मात्र शाळेमुळे घरातही मराठीच बोलायची. आम्ही पोलीस लाइनीत राहायचो आणि माझी शाळा देवपुरात, म्हणजे रोज पूल ओलांडून जाणं-येणं. मॅट्रिकच्या आधीच्या वर्गात आम्ही दोघीच मुली होतो. दुसरी एका मारवाडी कापडवाल्याची मुलगी. दोघींना भिंतीकडेचा एक बाक दिलेला होता.

ते साल पोलिसाच्या मुलीने शाळेत जाण्याचं नव्हतं. ऑगस्टमध्ये मिरवणुका निघाल्या, काठ्या चालल्या, कोणी पूल उडवील या भीतीने पांझरेच्या पुलावर पहारा बसला, शाळा कित्येक दिवस बंद राहिली. पुन्हा सुरू झाली तेव्हा दोन-तीन मुलं तुरुंगात होती आणि एकाच्या कपाळावर नवा व्रण होता. मी वर्गात शिरले की चाललेलं बोलणं थांबायचं. त्या दिवसांत भाऊंनी स्वतः काठी चालवली की नाही, हे मला माहीत नव्हतं. विचारायची हिंमतही नव्हती. त्यांची काठी दाराआड टेकलेली असायची. मी केर काढताना तिला हात न लावता बाजूने केरसुणी फिरवायची.

भूमितीचे मास्तर त्याच जूनमध्ये जळगावहून आले होते. चाळिशीच्या आतले, एकटे. देवपुरात एक खोली घेऊन राहायचे आणि हाताने स्वयंपाक करायचे. चांगली चालती नोकरी सोडून ते इकडे का आले, कोणालाच ठाऊक नव्हतं. कोणी म्हणे, तिकडे त्यांनी एका फरारी माणसाला घरात लपवलं होतं म्हणून त्यांना जावं लागलं. कोणी म्हणे, हा सरकारचाच माणूस, मुलांवर नजर ठेवायला पाठवलेला. खादी घालत नाही, मिरवणुकीत दिसत नाही, सरकारला शिव्याही देत नाही. मग हा आहे कोणाचा? एकाच माणसाबद्दल या दोन्ही गोष्टी एकाच ओट्यावर बोलल्या जायच्या, आणि ऐकणारे दोन्हींना मान डोलवायचे.

वर्गात मात्र त्यांचा तास कोणी चुकवत नसे. एकदा त्यांनी फळ्यावर दोन काटकोन त्रिकोण काढले आणि विचारलं, "एकरूप आहेत का?" सगळे म्हणाले, "आहेत." त्यांनी एका त्रिकोणावर कागद धरून तो कापला आणि दुसऱ्यावर ठेवला. बोटभर कमी पडला. मग त्यांनी आणखी दोन काढले, एक सरळ आणि एक पालथा पडल्यासारखा. आम्ही म्हणालो, "नाहीत." ते मात्र तंतोतंत जुळले.

"डोळा लबाड असतो," ते म्हणाले. "आकृतीवर विश्वास ठेवू नका. माझ्यावरही ठेवू नका. काय दिलेलं आहे ते पाहा, आणि त्यातून काय निघतं तेवढंच म्हणा."

मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "सर, हे कागदावर ठीक आहे. कागद कापून ठेवता येतो. बाहेर याचा काय उपयोग?"

मास्तरांनी खडू ठेवला. "पांझरा किती रुंद आहे?"

कोणी काही सांगितलं, कोणी काही.

"पाण्यात न उतरता काढून दाखवतो. हेडमास्तरांना विचारून ठेवतो. दोन दिवसांनी सकाळी नदीवर या."

त्या सकाळी आम्ही सगळे काठावर जमलो. पाऊस संपला होता, पाणी उतरलेलं पण वाहतं होतं. आम्ही पुलापासून बरेच वर, बाभळींच्या बाजूला होतो. पलीकडच्या काठावर एक निंबाचं झाड होतं. त्याच्या बरोबर समोर, आमच्या काठावर मास्तरांनी एक खुंटी ठोकली. तिथून काठाकाठाने दोरी ताणली आणि दोरीच्या मध्यावर दुसरी खुंटी, शेवटाला तिसरी. म्हणजे दोन्ही भाग सारखे. मग तिसऱ्या खुंटीपाशी त्यांनी गाठी मारलेल्या दुसऱ्या दोरीने काटकोन साधला आणि नदीकडे पाठ करून एका मुलाला शेतांच्या दिशेने सरळ मागे चालायला लावलं.

"मागे वळून बघत चाल. मधली खुंटी आणि पलीकडचं झाड एका रेषेत आले की थांब."

तो थांबला. तिथे चौथी खुंटी ठोकली.

"आता सांगा. नदीवर एक काटकोन त्रिकोण, जमिनीवर एक. इथे काटकोन, तिथे काटकोन. ही बाजू त्या बाजूएवढी. मधल्या खुंटीपाशी समोरासमोरचे कोन सारखे. मग?"

"एकरूप!" आम्ही ओरडलो.

"मग नदीची रुंदी कुठे आहे?"

ती जमिनीवर पडली होती, तिसऱ्या खुंटीपासून चौथीपर्यंत. चालून मोजावी इतकी सोपी. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मलाही आनंद झाला, पण तेवढ्यात एक गोष्ट माझ्या नजरेत आली. मास्तर खुंट्यांकडे बघत नव्हते. ते पुन्हा पुन्हा पुलाकडे बघत होते. खुंट्या लांबून दिसाव्यात म्हणून त्यांना तांबड्या कापडाच्या चिंध्या बांधल्या होत्या, आणि पुलाच्या कठड्याला टेकून एक माणूस सायकल धरून उभा होता. बराच वेळ तो तसाच उभा होता.

दुसऱ्या दिवशी तास चालू असताना दोन शिपाई आले. दोऱ्या, खुंट्या, मुलांनी काढलेल्या आकृत्या असं सगळं त्यांनी गोळा केलं आणि मास्तरांना घेऊन गेले. दारातून बाहेर पडताना मास्तरांनी वर्गावरून एकदा नजर फिरवली. ती माझ्यावर थांबली, की मलाच तसं वाटलं?

मधल्या सुट्टीत माझ्या बाकावरची मैत्रीण डबा घेऊन उठली आणि बाकाच्या पार टोकाला जाऊन बसली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली आणि भिंतीकडे बघत जेवली.

परत आले तेव्हा फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'जमादारीण'. पुढच्या तासाच्या मास्तरांनी ते पुसलं, कोणी लिहिलं हे मात्र विचारलं नाही. मी घरी नदीचा शब्दही काढला नव्हता. पण हे सांगायचं कोणाला? आणि मी सांगितलं नाही, तर मग कोणी? पुलावरच्या सायकलवाल्याने? वर्गातल्या कोणी? की भाऊंनीच कुठून पाहिलं होतं? संध्याकाळी त्यांच्या बुटांना नदीचा गाळ लागलाय का, हे मी वाकून बघितलं. कोरडे होते. पण बूट पुसताही येतात, हेही लगेच मनात आलं.

चुलीपाशी मायने मला हळूच सांगितलं, "कोणले काही सांगू नको. आनि तुना बापले तर काहीच इचारू नको."

मी कशाला विचारते! भाऊंनीच विचारलं. जेवून हात धुतला आणि म्हणाले, "नदीवर काय चाललं होतं?"

ते मराठीत बोलले. घरात ते कधी मराठी बोलत नसत. मी ओळखलं, बाप विचारत नाही, जमादार विचारतो आहे.

"भूमिती," मी म्हटलं.

"तुमचे मास्तर पुलाकडे बघत होते का?"

"नाही."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मीही नजर खाली घेतली नाही. दोघांनाही एकमेकांचा भरवसा वाटत नव्हता, आणि ते दोघांनाही कळत होतं. मग ते उठले आणि बाहेर खाटेवर जाऊन बसले.

मास्तरांना रात्र पडायच्या आत सोडलं, पण रोज चौकीवर हजेरी लावली आणि शाळेने वर्ग काढून घेतले. फौजदार घाटावरून नवे बदलून आलेले होते. त्यांना एकच गोष्ट पटत नव्हती. पाण्यात न उतरता नदी मोजली, हे शक्यच नाही, याच्या आड दुसरंच काहीतरी आहे. मास्तर म्हणाले, "दाखवतो." फौजदार म्हणाले, "तुम्ही नाही. तुम्ही डोळ्यांत धूळ फेकाल." मास्तर म्हणाले, "मग माझ्या कोणत्याही विद्यार्थ्याला बोलवा." फौजदार म्हणाले, "ते तुमचे पढवलेले."

हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच झालं की भाऊ घरी आले आणि म्हणाले, "रविवारी सकाळी नदीवर ये. साहेबास्नी तुलेच बलायेल शे. जमादारनी पोर खोटं करावू नही म्हणतस."

मी हादरले. "मी नाही येत."

"येशी. आनि नीट करशी."

रविवारी काठावर फौजदार, भाऊ, चार शिपाई, छत्री घेतलेले हेडमास्तर आणि दूर उभी असलेली आमच्या वर्गातली मुलं, असे सगळे जमले. माझी मैत्रीण आली नव्हती. मास्तरांना बाजूला उभं करून तोंड उघडायची मनाई केली होती. मी साडीचा पदर खोचला आणि कामाला लागले.

"पूर्वीचीच जागा नको," फौजदार म्हणाले. "खाली चला. पुलाकडे."

म्हणजे जुन्या भोकांचा आधार मला मिळू नये. मी दोरी घेऊन पुलाच्या दिशेने गेले. पलीकडच्या काठावरचा एक मोठा पांढरा दगड धरला आणि त्याच्या समोर पहिली खुंटी ठोकली. काठाने दोरी ताणत निघाले, आणि पाय थांबले.

पुढे, पुलाच्या अगदी जवळ, वाळलेल्या चिखलात भोकं होती. एक पाण्याच्या कडेला, दगडी खांबाच्या समोर. दोन काठाने ओळीत, सारख्या अंतरावर. आणि चौथं मागे, शेताच्या बाजूला. ती आकृती मला झोपेतही ओळखू आली असती. आमच्या वर्गाने त्या जागेवर पाऊलसुद्धा ठेवलं नव्हतं.

मी मान वर केली तर भाऊ माझ्याकडेच बघत होते. मग ते मी बघत होते तिथे, खाली बघू लागले. आता हे ओरडणार, असं मला वाटलं. ते सावकाश चालत गेले, पाण्याकडच्या त्या भोकावर बूट ठेवून उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "साहेब, मी हितून दोरीवर नजर ठेवतो."

गाठीच्या दोरीने काटकोन केला, मागे चालले, मधली खुंटी आणि पांढरा दगड एका ओळीत आले तिथे थांबले. चौथी खुंटी ठोकली. खुंटी सरळ गेली. काठाने माघारी फिरताना पाहिलं, तर भाऊ तिथून हलले होते आणि काठावरची तिन्ही भोकं बुटाने घासून बुजली होती. चौथं कुठे होतं, तेही आता सांगता आलं नसतं.

"एवढी रुंदी," मी दोरी दाखवत म्हटलं.

फौजदारांनी एका शिपायाला पाण्यात उतरवलं. कमरेएवढ्या पाण्यातून तो दोरीचं टोक धरून पलीकडे गेला. दोरी ताणली, खूण केली, परत आणून माझ्या दोरीशी लावली. वीतभराचा फरक पडला, तोही दोरीला झोळ पडल्यामुळे. दूर उभ्या मुलांपैकी कोणीतरी टाळी वाजवली आणि लगेच थांबला.

मला वाटलं, सुटलो. पण फौजदारांचा चेहरा आधीपेक्षा काळजीचा झाला.

"म्हणजे पाण्यात न उतरता कोणालाही मोजता येतं?"

"शिकलं तर येतं," मी म्हटलं.

"पुलाचंही?"

मास्तरांना राहवलं नाही. "साहेब, पुलाची लांबी तर पुलावरून चालत जाऊनही मोजता येते."

"पुलावरून चालणारा मला दिसतो," फौजदार म्हणाले.

"हे पुस्तकात आहे, साहेब. पुस्तक सरकारनेच नेमलेलं आहे."

फौजदार म्हणाले, "जा. पण पुन्हा नदीवर दिसू नका."

दोऱ्या आणि खुंट्या त्यांनी ठेवून घेतल्या.

मास्तरांवर खटला झाला नाही. त्यांना वर्ग परत मिळाले, पण ते पूर्वीसारखं शिकवेनात. विचारल्याशिवाय बोलायचे नाहीत, आणि माझ्या बाकाकडे तर बघायचेच नाहीत. नाताळाच्या सुट्टीत ते धुळं सोडून गेले. वर्गाचं माझ्याबद्दलचं मत मात्र आणखी पक्कं झालं. पोलिसांनी हिलाच का बोलावलं? आपला माणूस म्हणूनच ना? मैत्रीण बाकाच्या टोकाला बसायची ती मॅट्रिक होईपर्यंत तिथेच बसली. भूमितीत मला सर्वांत जास्त गुण पडले, तर तेही चौकीवरून आले, असं कोणीतरी म्हणालं.

भोकांबद्दल मी आणि भाऊ कधी बोललो नाही. एकदाच, मी शिक्षिकेच्या ट्रेनिंगला निघाले तेव्हा, ट्रंक बांधताना विचारलं, "भाऊ, त्या दिवशी तुम्ही तिथे का उभे राहिलात?"

"कोठे?"

"पुलाजवळ."

"सावली व्हती," ते म्हणाले.

त्या जागेवर सावली नव्हती. मग त्यांनी आपण होऊन सांगितलं, "खबर कोणी दिन्ही माहीत शे? तुमना हेडमास्तरनी. आदल्या दिवशी साहेबाकडे येऊन सांगी गया, उद्या पोरं नदीवर जातीन, गैरसमज नको. साहेबले तठेच संशय ऊना."

मी त्यांच्यावर विश्वास ठेवला का? निम्मा. पोलिसाने आपल्यावरचा आळ दुसऱ्यावर ढकलला, असंही मनात येऊन गेलं. हेडमास्तर तर फार भित्रे, सरळ गृहस्थ. पण भित्रा माणूसच असं करील, हेही खरं.

स्वातंत्र्य आलं त्या वर्षी मी जळगावला मुलींच्या शाळेत शिकवत होते. एके दिवशी शिपाईबाईने सांगितलं, एक गृहस्थ भाचीला शाळेत घालायला आलेत. बाहेर येऊन पाहिलं तर मास्तर. केस पिकलेले, चष्मा लागलेला. त्यांनी मला लगेच ओळखलं आणि त्यांचा चेहरा आखडला. भाचीचं काम झाल्यावर मी त्यांना व्हरांड्यात बाकावर बसवलं आणि सरळ विचारलं.

"सर, पुलाजवळच्या त्या खुंट्यांची भोकं तुमची होती ना?"

ते दचकले. "तुम्ही पाहिली होती?"

"पाहिली होती."

"मी करून पाहिल्याशिवाय वर्गात काही शिकवत नाही," ते म्हणाले. "आधीच्या रविवारी एकटाच गेलो होतो. समोर धरायला पुलाचा खांब बरा पडतो. झाडासारखा हलत नाही."

"पण पुलावर पहारा होता."

"दुपारी पहारेकरी कमानीखाली सावलीला जायचे."

हे तुम्हाला कसं माहीत, असं माझ्या ओठांवर आलं. मी विचारलं नाही. त्यांचं उत्तर खरं असेल. बऱ्याच शिक्षकांना तशी सवय असते, आज मलाही आहे. पण संध्याकाळी घरी जाताना दुपारच्या पहाऱ्याचं ते वाक्य काही केल्या मनातून जाईना.

मग मी त्यांना भाऊंचं सांगितलं. ते कसे उभे राहिले, कशी बुटाने भोकं बुजवली. मास्तरांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसत बसले.

"खबर हेडमास्तरांनी दिली होती, हे मला त्यांनीच पुढे सांगितलं," ते म्हणाले. "माफी मागितली बिचाऱ्यांनी. पण मला ते खरं वाटलं नाही. मला वाटलं, ते पोलिसांना पाठीशी घालतायत. मी इतकी वर्षं तुमच्या वडिलांनाच धरून बसलो होतो. आणि तुम्हालाही."

"वर्गात तर तुम्ही सांगायचा, दिलेलं असेल तेवढंच म्हणा."

"सांगायचो," ते म्हणाले. "वडील कुठे असतात आता?"

"पेन्शन घेतली. गावी, पिंपळनेरकडे."

ते उठले, भाचीचा हात धरला आणि गेले.

दिवाळीत मी गावी गेले तेव्हा भाऊ अंगणात भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते. पोलिसातून आलेला म्हणून गावातले लोक अजून त्यांच्याशी बेतानेच बोलायचे, आणि तेही गावाशी. मी पाटी जवळ ओढून सोलायला बसले.

"तुना मास्तर ऊना व्हता," ते म्हणाले.

"इथे? कधी?"

"मागला बाजारले. मोटारमा बसीसन ऊना. भाकर खादी, ठेचा खादा. मांगे वावरमा फिरी ऊनूत दोन्ही."

"काय बोललात?"

"काही नही. पावसापान्यानं."

भाऊंनी हातातली शेंग सोलली, दाणे पाटीत टाकले.

"मानूस चांगला दिखस," ते म्हणाले. "तरी काय सांगता येस?"